फुलदाणीच्या आधी बादली: वसंतातल्या घरच्या फुलांची रचना

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्या-नाशिककडच्या बागेत दोन ऋतू एकाच वाफ्यात नांदत असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले स्नॅपड्रॅगन, लार्कस्पर, फ्लॉक्स, स्वीट पी, डेलिया शेवटचा बहर देत असतात, आणि त्यांच्या शेजारी निशिगंधाचे दांडे वर येऊ लागतात, मोगऱ्याला कळ्या धरतात, झिनियाची पहिली फुलं उघडतात. गुलाबही अजून ऐन भरात असतो. हा संगम काही आठवडेच टिकतो. मार्च सरता सरता हिवाळी फुलझाडं उन्हाने करपतात आणि बी धरतात. म्हणून या दिवसांत फुलं कापायला हात आखडता घेऊ नये. झाडावर ठेवली तरी ती फार काळ राहणार नसतात.

अडचण उन्हाचीच. डिसेंबरात फुलदाणीत आठवडाभर टवटवीत राहणारा गुलाब मार्चमध्ये दुसऱ्या दिवशी मान टाकतो, आणि ‘घरची फुलं टिकतच नाहीत’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. खरं तर घरचं फूल विकतच्यापेक्षा एक-दोन दिवसांनी ताजं असतं. फक्त आपण ते तोडतो, ओट्यावर ठेवतो, मध्येच चहा टाकतो, कुणाचा फोन येतो तो घेतो, आणि मग फुलदाणी कुठे ठेवली होती ते शोधायला लागतो. तेवढ्या वेळात देठाच्या टोकाशी हवा शिरलेली असते. सजावटीचं कौशल्य नंतरचं. फुलाचं आयुष्य कापणी आणि त्यानंतरचे चार-पाच तास ठरवतात. त्यामुळे या लेखातही फुलदाणी बरीच उशिरा येईल.

आदल्या संध्याकाळी

ज्या झाडांवरून फुलं घ्यायची आहेत त्यांना आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घाला. कुंडीतल्या झाडांना तर नक्कीच. रात्रभरात देठ पाण्याने भरतात आणि सकाळी ताठ असतात.

हत्यारं दोनच लागतात. गुलाब, बोगनवेल, आंब्याची डहाळी यांसारख्या लाकडी देठांसाठी धारदार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री; झिनिया, स्वीट पी, डेलियासारख्या कोवळ्या देठांसाठी धारदार सुरी किंवा ब्लेड. घरातली कागद कापायची कात्री नको. ती देठ कापण्याऐवजी चिरडते, आणि देठातल्या ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं त्याच दाबून बसवते. पाती स्पिरिटने किंवा डेटॉलच्या पाण्याने पुसून घ्या. बादली साबणाने घासून, आतली बुळबुळ पूर्ण काढून, निम्मी भरून ठेवा. तीही सकाळी बागेत सोबत न्यायची आहे. ‘दहा फुलं तर तोडायचीत, बादली कशाला’ हा विचार मनात येतो, पण कापलेलं फूल आणि पाणी यांच्यात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये.

केव्हा कापायचं

सकाळी, ऊन बागेत उतरायच्या आत. मार्चमध्ये याचा अर्थ साधारण साडेसात वाजण्यापूर्वी. ज्यांची सकाळ डब्यांच्या आणि शाळेच्या बसच्या गडबडीत जाते त्यांनी संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर कापावं. दिवसभरात झाडाने तयार केलेली साखर तेव्हा देठात असते, आणि फुलांना रात्रभर बादलीत पाणी पीत बसायला मिळतं. मला संध्याकाळची वेळ जास्त सोयीची वाटते. दुपारी मात्र काही झालं तरी नाही. त्या वेळी झाड स्वतःच तहानलेलं असतं.

चाकू किंवा सिकेटर तिरका चालवा. तिरक्या कापामुळे देठाचं टोक भांड्याच्या तळाला सपाट चिकटून बसत नाही. देठ लागेल असं वाटतं त्यापेक्षा लांब घ्या. नंतर आखूड करता येतो, लांब करता येत नाही.

कुठलं फूल किती उमललेलं असावं

इथे एकच नियम सगळ्यांना लावला की घोटाळा होतो. काही फुलं कळीत कापली तरी पाण्यात उमलतात, काही कापल्या क्षणी जशी असतील तशीच राहतात.

गुलाबाची कळी रंगली असेल, खालची हिरवी निदलं मागे वळली असतील आणि बाहेरची एखादी पाकळी सैल झाली असेल, तेव्हा तो घ्यावा. घट्ट मुठीसारखी कळी घेतली तर ती बहुधा उमलत नाही, नुसती वाकते. कुठे कापायचं हेही महत्त्वाचं आहे. देठावरून खाली येत पाच पर्णिकांचं (छोट्या पानांचं) पान शोधा, त्याच्या बगलेतला डोळा झुडपाच्या बाहेरच्या बाजूला पाहत असेल तर त्याच्या किंचित वर कापा. पुढची फांदी तिथूनच फुटेल. त्या फांदीवर अशी निदान दोन पाच-पानी पानं शिल्लक राहायला हवीत, नाहीतर झाडाचंच नुकसान.

झिनिया बरोबर उलटा. तो पूर्ण उमललेलाच हवा, पण फूल पाहून खात्री होत नाही. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवा. मान लटपटली तर अजून दोन दिवस थांबा. देठ फुलासकट ताठ हलला तर कापा. लटपटणारा झिनिया कितीही चांगल्या पाण्यात ठेवला तरी तासाभरात मान टाकतो. ही चाचणी पाच सेकंदांची आहे आणि झिनियाबद्दलच्या बहुतेक तक्रारी ती संपवते.

डेलियाही जवळजवळ पूर्ण उमललेला घ्यावा, कारण त्याच्या कळ्या फुलदाणीत उघडत नाहीत. मात्र फूल उलटं करून पाठीमागच्या पाकळ्या बोटाने चाचपून पाहा. त्या मऊ, कागदासारख्या झाल्या असतील तर ते फूल उतरणीला लागलं आहे. अ‍ॅस्टर आणि उरलीसुरली शेवंती उमललेल्याच घ्याव्यात. कॉसमॉस नुकता उघडताना, पाकळ्या पुरत्या सपाट होण्याआधी.

तुऱ्यांची फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून तिथे हिशेब वेगळा. निशिगंधाच्या, म्हणजे बाजारातल्या गुलछडीच्या दांड्यावरची खालची दोन-तीन फुलं उघडली की कापावं. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांनी नुसता रंग दाखवला तरी पुरे. स्नॅपड्रॅगन आणि लार्कस्परचा खालचा एक तृतीयांश तुरा उघडलेला असावा. स्नॅपड्रॅगन आणि ग्लॅडिओलस कापल्यावर एका गोष्टीला जपा: त्यांना आडवं ठेवू नका. त्यांची शेंडी कापल्यानंतरही वरच्या दिशेला वळत राहते, आणि तासभर ओट्यावर आडवी पडलेली दांडी नंतर कायमची वाकडी दिसते.

जर्बेरा कापायचा नसतो, ओढायचा असतो. देठ बुडाशी धरून बाजूला झुकवून हलका पीळ दिला की तो गड्ड्यापासून सुटून येतो. कापलेला बुडखा मागे राहिला तर तो कुजतो आणि कुज गड्ड्यात उतरते. मधल्या चकतीच्या कडेच्या दोन ओळींत पराग दिसू लागले की जर्बेरा तयार. नंतर ओढलेल्या देठाचं टोक दोन-तीन सेंटीमीटर कापून टाका.

स्वीट पी आणि कॉसमॉस जितके तोडाल तितके पुन्हा येतात. बी धरलं की झाड आपलं काम झालं समजून थांबतं. गॅलार्डिया, म्हणजे आपला गलांडा, उन्हाला सर्वांत चिवट. एप्रिलच्या मध्यात बाकी वाफे ओस पडले तरी तो साथ देतो, त्यामुळे त्याला कमी लेखू नये.

जास्वंदीबद्दल नेहमी विचारलं जातं. जास्वंद एका दिवसाचं फूल. पाण्यात ठेवा किंवा कोरडं ठेवा, ते संध्याकाळी मिटतं. त्याला फुलदाणीत बसवायचा अट्टहास करू नये. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठीच हवं असेल तर सकाळी तोडून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि ऐन वेळी बाहेर काढा. थंडाव्यात मिटणं लांबतं.

बादलीतला मुक्काम

घरात आणल्यावर प्रत्येक देठाचं टोक पाण्याखाली धरून पुन्हा दोनेक सेंटीमीटर कापा. परातीत पाणी घेऊन हे सहज करता येतं. बागेतून आणताना टोकाशी शिरलेला हवेचा बुडबुडा असा कापून काढला जातो. तो राहिला तर वरचं फूल पाण्यात उभं राहूनही तहानेने सुकतं. मग पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढून टाका. एकसुद्धा ठेवू नका. पाण्यात बुडालेलं पान एका दिवसात कुजू लागतं, आणि पाणी नासण्याचं ते पहिलं कारण.

पाणी कोमट असावं, हाताला सुखद वाटेल इतपत, साधारण ४० अंश. कोमट पाणी देठात लवकर चढतं. फुलं गळ्यापर्यंत पाण्यात उभी करून बादली घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. न्हाणीघर उत्तम, कारण तिथे वारा नसतो. किमान तीन-चार तास, शक्य तर रात्रभर. अपवाद जर्बेऱ्याचा: त्याचे लोकरी देठ खोल पाण्यात कुजतात, त्याला चार बोटं पाणी पुरतं.

काही देठांचे स्वतःचे नखरे असतात.

लाकडी देठ, म्हणजे गुलाबाची जुनी फांदी, बोगनवेल, कुंतीची डहाळी, यांच्या टोकाला सिकेटरने उभी चीर द्या, दोन-तीन सेंटीमीटर. हातोडीने ठेचायची जुनी पद्धत सोडून द्यावी. ठेचलेला भाग पाणी ओढत नाही, उलट जंतूंना आयतं घर मिळतं.

पोकळ देठाच्या फुलांत एप्रिलमध्ये येणारी मोठी लाल-शेंदरी लिली पहिली आठवते. तिची कळी रंगली की दांडा कापा. हा दांडा पाण्यात टोकाशी फाटतो आणि उलटा वळतो. म्हणून टोकाभोवती सेलोटेपचा एक वेढा द्या. दांडा उलटा धरून त्यात पाणी भरून टोकाला कापसाचा बोळा बसवला तर दोन दिवस जास्त मिळतात.

चिकाच्या झाडांचं काम वेगळं. चाफ्याच्या फांदीतला पांढरा चीक पाणी गढूळ करतो आणि नळ्या बुजवतो, त्यामुळे चाफा फुलदाणीत न घालता उथळ भांड्यात तरंगत ठेवावा. देठासकट ठेवायचीच असतील अशी इतर चीकवाली किंवा चटकन माना टाकणारी फुलं (होलीहॉक, पॉपी) असतील, तर देठाचं टोक दोन सेंटीमीटर उकळत्या पाण्यात वीस-तीस सेकंद धरा आणि लगेच गार पाण्यात घाला. वाफेने पाकळ्या शिजू नयेत म्हणून फुलांभोवती कागद गुंडाळा.

बोगनवेल कापल्यावर तासाभरात मलूल होते असा सगळ्यांचा अनुभव. तिची पानं सगळी काढून टाका, रंगीत भाग तेवढा ठेवा, आणि आख्खी फांदी तासभर पाण्यात बुडवून ठेवा. मग ती दोन-तीन दिवस चांगली राहते.

आंब्याची तांबूस पालवी या दिवसांत फार मोहात पाडते. पण अगदी कोवळी, लोंबणारी पालवी पाण्यात ठेवूनही सुकतेच. रंग तांबूस असला तरी पान किंचित चिवट झालेलं असावं, बोटात धरल्यावर ताठ उभं राहावं. कापल्यावर डहाळीचा चीक आधी वाहू द्या. तो कातडीला झोंबतो आणि कपड्यावरचा डाग जात नाही. कडुलिंबाच्या पालवीचंही तेच, थोडी जून झालेली घ्यावी.

पाण्यात काय घालावं

देठ पाणी ओढायचं थांबवतात त्याचं मुख्य कारण जंतू. ते कापलेल्या टोकाशी चिकट थर धरतात आणि नळ्या बुजतात. फुलाला साखर हवी असते, पण तीच साखर जंतूंनाही हवी असते. त्यामुळे नुसती साखर घालणं हे काहीच न घालण्यापेक्षा वाईट. घरगुती मिश्रण असं करता येतं: एक लिटर कोमट पाण्यात आधी पाव चमचा कपड्यांचं साधं ब्लीच ढवळून घ्या, मग एक छोटा चमचा साखर आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस. लिंबामुळे पाणी किंचित आंबट होतं आणि तसं पाणी देठात सुखाने चढतं. क्रम मात्र पाळा, आणि ब्लीच व लिंबाचा रस थेट एकमेकांत कधीही मिसळू नका; त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच नको असेल तर साखर-लिंबूही घालू नका आणि पाणी रोज बदला. एवढ्यावरही बरंच निभावतं.

अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा विशेष उपयोग नाही. तांब्याचं नाणं टाकावं असं आजी सांगायच्या, पण आजची एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची असतात, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

बोअरचं जड पाणी असेल तर प्यायचं गाळलेलं पाणी वापरा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असतं, आणि ग्लॅडिओलस व जर्बेरा ही दोन फुलं फ्लोराइडला फार नाजूक. त्यांच्या पाकळ्यांच्या कडा जळाल्यासारख्या होतात. तिथे या दोघांसाठी तरी वेगळं पाणी घ्यावं.

भांडं आणि आधार

महागडी काचेची फुलदाणी लागत नाही. लोणच्याची चिनीमातीची बरणी मला सर्वांत आवडते: तोंड फार रुंद नाही, बूड जड, पांढरा-तपकिरी रंग कुठल्याही फुलाशी भांडत नाही. पितळी गडवा आणि तांब्याही सुंदर दिसतात, पण लिंबू घातलेलं पाणी थेट धातूला लागू देऊ नका. आत काचेचा ग्लास बसवा. संक्रांतीची सुगडं माळ्यावर पडलेली असतात. ती पाझरतात, म्हणून त्यांच्या आतही एखादी वाटी किंवा छोटी काचेची बाटली ठेवा. तीन-चार सुगडांत एकेक फूल ठेवून ओळीने मांडलं की जेवणाच्या टेबलाचं काम झालं.

रुंद तोंडाच्या भांड्यात फुलं कडेला पडतात आणि मध्ये खड्डा होतो. फुलवाल्यांचा हिरवा स्पंज टाळावा. तो प्लास्टिकचा असतो, कुजत नाही, आणि चुरा होऊन मोरीतून वाहत जातो. त्याऐवजी भांड्याच्या तोंडावर सेलोटेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून चौकटी करा. किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी सैल चुरगाळून आत बसवा. माझी पसंती पेरूच्या बेचकीला. पेरूची वाय आकाराची फांदी भांड्याच्या तोंडाच्या मापाने कापून आत आडवी दाटून बसवली की तोंडाचे तीन भाग पडतात, देठ त्यांत टेकतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. जपानी इकेबानात फांद्यांचा असाच आधार देतात. उथळ ताटलीसाठी त्यांचा काट्यांचा पिनहोल्डर मिळतो. एकदा घेतला की जन्मभर पुरतो.

आता रचना

बरणी वीसेक सेंटीमीटर उंच असेल तर सर्वांत उंच फूल बरणीच्या तोंडापासून साधारण तीस सेंटीमीटर वर जाऊ द्या, म्हणजे भांड्याच्या दीडपट. हे माप सुरुवातीपुरतं. डोळा तयार झाला की मोडायला हरकत नाही. जेवणाच्या टेबलावरची रचना मात्र समोरच्या माणसाचा चेहरा झाकणार नाही इतकी बुटकी हवी.

मार्चच्या मध्यावर घरच्या बागेतून सहज जमेल अशी एक रचना सांगते. आंब्याच्या चिवट पालवीच्या दोन डहाळ्या, कुंतीच्या तीन-चार, पाच स्नॅपड्रॅगन फिकट गुलाबी किंवा पिवळे, पाच गुलाब, तीन निशिगंध आणि फुलोऱ्यावर गेलेल्या कोथिंबिरीचे पाच-सहा तुरे. शेवटचं वाचून हसू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंडीतली कोथिंबीर फुलावर जाते आणि आपण ती उपटून टाकतो. तिचे पांढरे जाळीदार तुरे मोठ्या फुलांमधली जागा इतक्या हलक्या हाताने भरतात की विकतच्या जिप्सोफिलाची गरज उरत नाही. शेपू, बडीशेप, मोहरीही चालते. तुळशीच्या जांभळट मंजिऱ्याही.

आधी हिरवं. आंब्याची एक डहाळी डावीकडे उंच, दुसरी उजवीकडे खाली, भांड्याच्या ओठावरून थोडी बाहेर झुकलेली. दोन्ही बाजू सारख्या करू नका. कुंतीची पानं मध्ये आणि मागे, बरणीचं तोंड झाकण्यापुरती. मग स्नॅपड्रॅगन, कारण उंची तेच ठरवणार: सर्वांत उंच मधून जरा बाजूला, बाकीचे त्याच्यापासून उतरत. प्रत्येक देठ भांड्याच्या मध्यबिंदूकडे तिरका जाऊ द्या, म्हणजे आत देठांची जाळी आपोआप विणली जाते आणि नंतरची फुलं हलत नाहीत. दोन-तीन फुलं लावली की भांडं पाव वळण फिरवा. एकाच बाजूने रचत गेलं की पाठ उघडी पडते. रचना भिंतीशी ठेवायची असेल तरी मागे थोडं हिरवं असावं.

गुलाब सर्वांत लक्ष वेधणारे, म्हणून ते खाली आणि आत. तिघांचा सैल घोळका, एक थोडा मागे, एक कडेला. सगळी तोंडं आपल्याकडे वळवू नयेत; एखाद्या गुलाबाची कड दिसली तर रचनेला खोली येते. निशिगंध गुलाबांमधून वर येऊ द्या, पण स्नॅपड्रॅगनच्या उंचीशी स्पर्धा नको. त्याच्या शेंड्याच्या अगदी बारीक हिरव्या कळ्या आधीच खुडून टाका, म्हणजे मधल्या कळ्या उमलायला जोर मिळतो. शेवटी कोथिंबीर, हात सैल ठेवून, जिथे डोळ्याला खड्डा वाटतो तिथे.

इथे थांबायला शिकावं लागतं. बागेत अजून फुलं आहेत म्हणून भर घालत गेलं की पाकळ्या एकमेकांवर घासतात, वारा खेळत नाही, आणि मधली फुलं आधी सडतात. फुलाफुलांमध्ये एखादं फुलपाखरू जाईल एवढी जागा राहू द्या. उरलेल्या फुलांची दुसरी छोटी रचना करा.

रंगांबद्दल एवढंच की एकमेकांशेजारचे दोन रंग आणि एक पांढरा बहुधा फसत नाही. लाल गुलाब, पिवळा झेंडू, जांभळा अ‍ॅस्टर सगळं एकत्र केलं की ते हारासाठी ठीक, फुलदाणीत गोंधळ होतो. तांबूस पालवी मात्र पीच, क्रीम, फिकट पिवळ्या फुलांना जे रूप देते ते दुसऱ्या कुठल्याच पानाला जमत नाही.

मोगरा, अनंत, सोनचाफा यांचे देठ आखूड, त्यामुळे त्यांना फुलदाणी नव्हे, घंगाळ किंवा पितळी परात द्यावी. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी खुडून पाण्यात सोडल्या की रात्री उमलतात. अनंताच्या पाकळ्यांना बोट लावू नका, स्पर्श होईल तिथे तपकिरी डाग पडतात. देठ धरूनच उचला. निशिगंध आणि मोगरा बंद बेडरूममध्ये रात्रभर ठेवू नयेत, वासाने डोकं चढतं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आरास करायची असेल तर हाताशी भरपूर दिवस असतात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर गौर बसते. तोवर हिवाळी फुलं संपलेली असतात, म्हणून मोगरा, निशिगंध, गलांडा आणि लिलीवर भिस्त ठेवावी. फुलं आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर बादलीत ठेवा, आणि रचना बायका यायच्या तास-दोन तास आधीच करा.

कुठे ठेवू नये

पंख्याच्या थेट खाली नको, एसीच्या झोतात नको, फ्रीजच्या किंवा टीव्हीच्या वर नको, दुपारचं ऊन येतं त्या खिडकीत नको. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट आंब्याची. एप्रिल उजाडला की घरात पेटी येते, अढी घातली जाते. पिकणारा आंबा, केळं, पपई, सफरचंद ही फळं इथिलीन वायू सोडतात. त्याच वायूने फळं पिकतात, आणि त्यानेच फुलं म्हातारी होतात. स्नॅपड्रॅगन, लार्कस्पर, स्वीट पी, कार्नेशन त्याला फार हळवे. एका रात्रीत पाकळ्या गळतात. ज्या खोलीत अढी आहे तिथे फुलदाणी ठेवू नका, आणि जेवणाच्या टेबलावरची फळांची टोपली व फुलं शेजारी मांडू नका.

लहान मुलं किंवा मांजर असेल त्या घरात कण्हेर, बिट्टी, धोतरा फुलदाणीत घालू नका. त्यांचा विषारी अंश पाण्यातही उतरतो. एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली मांजरांना जीवघेणी ठरते, नुसता पराग चाटला तरी. त्या लिलीचे परागकोश तसेही चिमट्याने काढून टाकावेत, कारण पराग कपड्यावर पडला की डाग राहतो. पडलाच तर ओल्या हाताने पुसू नका, सेलोटेपने उचलून घ्या.

इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी घरांत याच सुमारास परसदारी डॅफोडिल आणि ट्युलिप फुलतात. त्यांच्यासाठी एवढंच: कापलेल्या डॅफोडिलच्या देठातून चिकट रस झिरपतो आणि तो ट्युलिपला मारक असतो. डॅफोडिल रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवून, पुन्हा न कापता, मगच इतरांत मिसळावेत. ट्युलिप फुलदाणीतही वाढत राहतात आणि उजेडाकडे वाकतात. त्यासाठी जागा सोडा.

रोजची पाच मिनिटं

थंडीत दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं तरी चालतं. मार्च-एप्रिलमध्ये रोज. पहिल्या दिवशी गुलाब इतकं पाणी ओढतात की संध्याकाळी पातळी खाली गेलेली दिसते. तेव्हा वर भर घाला. दुसऱ्या दिवसापासून सगळा गुच्छ एका मुठीत धरून उचला, पाणी ओता, देठ नळाखाली धुऊन त्यांची बुळबुळ काढा, टोकं अर्धा सेंटीमीटर कापा आणि नव्या पाण्यात ठेवा. निशिगंधाची खालची सुकलेली फुलं रोज खुडा. मान टाकलेला गुलाब लगेच फेकू नका: पाण्याखाली देठ पुन्हा कापून आख्खं फूल तासभर गार पाण्याच्या परातीत आडवं बुडवून ठेवा. बहुतेक वेळा मान परत उभी राहते. नाही राहिली तर त्याचे दिवस भरले होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक-दोन फुलं जातातच. तेव्हा जुनी रचना वाचवायच्या खटपटीत पडू नका. सगळं मोडा, चांगली फुलं निवडा, देठ निम्मे करा आणि छोट्या तांब्यात किंवा सुगडात पुन्हा मांडा. आखूड देठाला पाणी वर चढवायला अंतर कमी पडतं, त्यामुळे फुलं आणखी दोन-तीन दिवस काढतात. शेवटी उरलेल्या गुलाबांच्या पाकळ्या पाण्यात तरंगवता येतात. बाकीचं कंपोस्टमध्ये जाऊ द्या, आंब्याची डहाळी बारीक तुकडे करून.

भांडं ठेवून देण्याआधी आतला चिकट थर पूर्ण काढावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळची फुलं पहिल्याच दिवशी जंतूंच्या तावडीत सापडतात. अरुंद तोंडाच्या बरणीत हात जात नाही. तिच्यात मूठभर जाडं मीठ, थोडे कच्चे तांदूळ आणि साबणाचं कोमट पाणी घालून तोंडावर हात ठेवून जोरात हलवा. दोन वेळा केलं की तळ स्वच्छ होतो. मग उलटी करून उन्हात वाळवा.